डीएम, स्टुटगार्ट: लहान बाळाला घेऊन जर्मनीला जाताय तर हे दुकान आधी माहीत करून घ्या

मे महिन्यात मी माझ्या एकोणीस महिन्यांच्या लेकीला घेऊन ताईकडे स्टुटगार्टला जाऊन आले, नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून जाताना आम्ही दोघीच, तो तीन आठवड्यांनी आला. परत आल्यापासून मैत्रिणींचे फोन चालूच आहेत, डायपर किती नेलेस, खायला काय नेलंस, तिकडे काय मिळतं, एवढ्या बॅगा कशा उचलल्यास. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. आणि हे लिहायचं तर डीएमबद्दलच लिहावं लागणार, कारण त्या पाच आठवड्यांत ताईच्या घराखालोखाल आम्ही कुठे सगळ्यात जास्त वेळा गेलो असू तर डीएममध्ये.

डीएम म्हणजे ड्रोगेरी मार्क्ट. १९७३ साली ग्योट्झ वेर्नर नावाच्या माणसाने कार्ल्सरूहेला पहिलं दुकान काढलं आणि आता एकट्या जर्मनीत २,००० च्या वर शाखा आहेत, त्यामुळे कुठल्याही गावात, कुठल्याही मोठ्या चौकात एक सापडतंच. आपल्याकडे नेमकं असं दुकान नाही. साबण, शाम्पू, क्रीम, भांडी घासायचं लिक्विड, थोडा सुका खाऊ, चहा, आणि एक अख्खा भाग फक्त बाळांचा, म्हणजे डायपर, वाइप्स, दुधाची पावडर, बाळाचं जेवण, बाटल्या, मोजे, झबली, सगळं. डोळ्यासमोर आणायचं तर मेडिकलचं दुकान घ्या, त्यातली औषधं काढा आणि राहिलेलं दहापट मोठं करा. औषधं काढा हे लक्षात ठेवा, त्यावर खाली लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे.

आता पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. मी पुण्याहून ६० डायपर नेले होते आणि ते सगळे चेक-इनच्या मोठ्या बॅगेत भरले, हँडबॅगेत फक्त रात्रीच्या फ्लाइटपुरते दहा ठेवले. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेआठ-नऊ तासांचा प्रवास, मला वाटलं दहा पुष्कळ झाले. पण विमानात चिऊचं पोट बिघडलं आणि फ्रँकफर्टला उतरेपर्यंत दोनच राहिले. स्ट्रोलर आला, माझी छोटी बॅग आली, मोठी बॅग काही आलीच नाही. पट्टा फिरून फिरून थांबला. विमान कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म नीट भरून घेतला आणि बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आलीसुद्धा, पण त्या क्षणी कडेवर झोपमोड झालेलं रडणारं पोर, पिशवीत दोन डायपर आणि वार शनिवार. ताईला फोन केला तर ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "उद्या रविवार आहे, सगळं बंद असतं, तू आज स्टेशनवर उतरलीस की आधी डीएम, मग घर."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, कायदाच आहे. मोठ्या स्टेशनांवरची आणि विमानतळावरची काही उघडी असतात पण बाकी सगळा शुकशुकाट. त्यामुळे शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पोचेल असं तिकीट काढू नका, आणि काढलंच तर नातेवाइकांना आधी सांगून दोन दिवसांचं सामान घरात आणून ठेवायला सांगा. यात त्यांना काही त्रास नसतो, त्यांनाही तेवढंच बरं वाटतं, पण आपण संकोचाने सांगत नाही.

फ्रँकफर्टच्या विमानतळाखालूनच लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात, तिथून स्टुटगार्ट सव्वा-दीड तास. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. आयसीई गाडीत लहान मुलांवाल्यांसाठी वेगळा छोटा डबा असतो, क्लाइनकिंड आबटाइल म्हणतात त्याला, तो ताईने आधीच बुक करून ठेवला होता म्हणून चिऊला निवांत खाली बसवता आलं. गाडीत तिने एक डायपर भिजवला. एक राहिला.

स्टुटगार्टचं स्टेशन वर्षानुवर्षं बांधकामात आहे, बाहेर यायलाच भरपूर चालायला लागतं, ताई समोर दिसली तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. मिठी मारायला म्हणून चिऊला तिच्याकडे दिलं आणि ताईचा हात ओला. डायपर फुटून कपड्यांबाहेर सगळं आलेलं. तशाच अवस्थेत आम्ही चालत डीएममध्ये शिरलो.

मी आपली वेड्यासारखी डायपरचा कप्पा शोधतेय आणि ताई म्हणते, "विकत नंतर घे गं, आधी इकडे ये." बाळांच्या भागात एका कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीचं एक टेबल, कडांना उंच काठ, मऊ गादी, शेजारी खण, त्या खणात नंबरानुसार लावून ठेवलेले डायपर. बाजूला वाइप्सचं पाकीट, खाली कचऱ्याचा डबा. हे सगळं फुकट. म्हणजे कुणीही यायचं, बाळाचं आवरायचं, दुकानाचाच डायपर घालायचा आणि जायचं, काही विकत घ्यायची सक्ती नाही. मला खरंच वाटेना, मी ताईला दोनदा विचारलं की नक्की ना, कुणी काही बोलणार नाही ना. तिथे आधीच एक बाबा त्याच्या बाळाचं आवरत होता, त्याने चिऊची अवस्था बघितली, काही न बोलता स्वतःच्या मुलाला उचलून बाजूला झाला आणि वाइप्सचं पाकीट माझ्या हातात दिलं. चिऊ १० किलोची, तिला ४ नंबर बसला. नवीन कपडे ताईने आणले होते. पाच मिनिटांत पोरगी कोरडी, स्वच्छ, आणि टेबलाच्या काठाला धरून त्या बाबाच्या मुलाकडे बघून हसतेय.

दहा तासांत पहिल्यांदा मी पाणी प्यायले त्या दुकानात.

एवढ्या एका गोष्टीसाठी मी या दुकानाला पूर्ण मार्क देईन. आपल्याकडे मॉलमध्ये बेबी रूम असतात पण तिथे डायपर ठेवलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. नंतर पाच आठवडे आम्ही हेच केलं, शहरात कुठेही फिरायला निघालो की वाटेत डीएम कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं. फक्त एक, एका वेळी एकच घ्या. तो सगळ्यांसाठी ठेवलेला असतो, पिशवीत भरायला नाही.

आता खरेदीचं. डायपरचा त्यांचा स्वतःचा ब्रँड आहे बेबीलव्ह, मोठ्या ब्रँडपेक्षा चांगलाच स्वस्त, आणि मी पाचही आठवडे तोच वापरला, चिऊला एकदाही रॅश आला नाही. आपल्याकडे आता सगळीकडे पँटवाले डायपर असतात, तिकडे जास्त करून चिकटपट्टीवाले. पँटवालेही मिळतात, पाकिटावर 'पँट्स' असंच लिहिलेलं असतं, ते बघून घ्या, कारण चालणाऱ्या-पळणाऱ्या पोराला आडवं करून पट्ट्या लावणं अवघड जातं. नंबर वजनावर असतो आणि किलो पाकिटावर ठळक छापलेले असतात, त्यामुळे जर्मन येत नसेल तरी अडत नाही. मी जे ६० डायपर इथून ओढत नेले त्यांनी बॅगेतली केवढी जागा खाल्ली, त्या जागेत ताईसाठी भाजणी, कुळथाचं पीठ, आईच्या हातचा मेतकूट असं कितीतरी गेलं असतं. पुढच्या वेळी प्रवासाचे आणि वर दोन दिवसांचे, तेही सगळे हातातल्या बॅगेत. बस.

किमतीबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. तिथे सेल, एकावर एक फ्री असला प्रकार फारसा नाही. किमतीच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात तारीख असते, या तारखेपासून किंमत वाढवलेली नाही अशी. ताईने दाखवलं तेव्हा मी प्रत्येक कप्प्यापाशी थांबून तारखाच वाचत बसले. आज घ्यावं की पुढच्या आठवड्यात स्वस्त होईल ही घालमेल नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढं घ्यायचं. युरोचं रुपयांत गुणाकार करायची सवय मात्र पहिल्या आठवड्यातच सोडून द्या, नाहीतर पोराला काहीच खायला घालवणार नाही.

खाण्याचं जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यांचे प्रश्न त्यावरच आहेत. बाळाचं जेवण काचेच्या छोट्या बरण्यांत मिळतं, ग्लेसशन म्हणतात, आणि प्रत्येकीवर कितव्या महिन्यापासून द्यायचं तो आकडा मोठा छापलेला असतो. गाजर, बटाटा, भोपळा, पार्सनिप, पास्ता, असं सगळं. मीठ अगदी कमी, मसाला नाहीच, त्यामुळे आपल्या वरणभात-तूप खाणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी आवडत नाही, चिऊने पहिला घास सरळ बाहेर काढला. मग आम्ही त्यात घरी केलेलं मुगाचं वरण कालवून दिलं आणि चिमूटभर जिरेपूड, ते तिने खाल्लं.

शाकाहारी असाल तर बरणीवरच्या चित्रावर विसंबू नका. मी बाहेरून गाजर-भाताचं चित्र बघून दोन बरण्या उचलल्या होत्या, ताईने काउंटरवर बघितलं तर त्यावर 'पूटं' लिहिलेलं, म्हणजे टर्की. हे शब्द फोनमध्ये लिहून ठेवा: रिंड म्हणजे गोमांस, काल्ब म्हणजे वासराचं, हून किंवा हेनशन म्हणजे कोंबडी, पूटं टर्की, श्वाइन डुक्कर, लाक्स म्हणजे सामन मासा. आणि आपल्या कामाचे शब्द, गेम्युझे म्हणजे भाज्या, ओब्स्ट म्हणजे फळं, हाफर म्हणजे ओट्स, ग्रीस म्हणजे रवा (हा शब्द ऐकून मी दचकलेच होते), हिर्झे म्हणजे आपल्या वरीच्या जातीचं भरड धान्य. राइस मात्र राइसच, तेवढा दिलासा. हिर्झेची लापशी चिऊला नाचणीच्या खालोखाल आवडली, डीएमचा स्वतःचा डीएमबायो नावाचा सेंद्रिय ब्रँड आहे त्यातली घेतली होती.

सगळ्यात उपयोगी म्हणाल तर फळांच्या गराच्या पिळायच्या पिशव्या, क्वेचबॉयटेल. सफरचंद-केळं, सफरचंद-पेअर, असे प्रकार, फ्रिज लागत नाही, चमचा लागत नाही, तोंडाला लावायची आणि दाबायची. विल्हेल्मामध्ये गेलो होतो, म्हणजे स्टुटगार्टचं ते मोठं प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान, विल्हेल्म राजाने बांधलेलं, बघण्यासारखं आहे, अख्खा दिवस ठेवा त्याला. तिथे फ्लेमिंगोंच्या समोर उभं राहून चिऊने दोन पिशव्या संपवल्या, एक हात पिशवीवर आणि दुसऱ्या हाताने पक्ष्यांना या-या करत. पण रोज देऊ नका, गोड चव असते, पोरं मग फळ चावून खायला कंटाळतात, हे मला ताईच्या सासूबाईंनी सांगितलं आणि ते बरोबर आहे.

त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. ताईने जर्मन मुलाशी लग्न केलंय, त्यामुळे तिच्या सासूबाई अस्सल श्वेबिश, म्हणजे स्टुटगार्टच्याच भागातल्या बाई, ताईचा पाच वर्षांचा मुलगा त्यांना ओमा म्हणतो म्हणून आम्हीही ओमाच म्हणतो. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला जर्मन नाहीच. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. मग एक दिवस त्या मला आणि चिऊला घेऊन डीएममध्ये गेल्या, मला वाटलं काहीतरी आणायचं असेल. तिथे फोटो छापायची मशीन असते, फोन जोडायचा, फोटो निवडायचे, लगेच हातात. त्यांनी माझा फोन मागितला आणि खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. चिऊचे फोटो एकेक करून बघत बसल्या, बारशाचा, पहिल्या दिवाळीचा, आईच्या मांडीवर मोराच्या गादीवर झोपलेला. आईच्या फोटोवर थांबल्या आणि बोटाने दाखवून म्हणाल्या, "ओमा?" मी म्हटलं, हो, आजी. "आजी," त्या म्हणाल्या, अगदी नीट, ज सकट. बारा फोटो छापले, घरी आल्यावर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि नाव लिहिलं, आजी हे नाव मला विचारून देवनागरीत गिरवून घेतलं. त्यातले दोन फोटो त्यांनी पाकिटात घालून पुण्याला आईला पोस्टाने पाठवले, आईने ते देवघराच्या शेजारी लावलेत.

त्या दिवसापासून त्या चिऊला एकट्या घेऊन बागेत जायला लागल्या. तिकडे पावलापावलावर खेळायच्या जागा, वाळू, पाण्याचे हापसे, आणि मे महिन्यात नऊपर्यंत उजेड, पोरगी झोपायलाच तयार नसायची. डीएममधून मुलांचं सनक्रीम, सनडान्स नावाचं, आणि मानेवर कापड असलेली टोपी घेतली होती ती रोज लागली. हवा गार असते त्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, आपल्याकडच्या लोकांना वाटतं आम्हाला उन्हाची काय सवय नाही का. घ्या, बाळाला लावा.

आता औषधांचं. डीएममध्ये तापाचं सिरप मिळत नाही. जर्मनीत साधं पॅरासिटामॉलसुद्धा फक्त आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळतं, बाहेर लाल रंगाचं मोठं ए हे अक्षर असतं. डीएममध्ये थर्मामीटर, नाकात मारायचा खाऱ्या पाण्याचा स्प्रे, खरचटल्यावरच्या पट्ट्या एवढंच. सहाव्या दिवशी चिऊला ताप आला, रात्री १०२ पर्यंत गेला, तेव्हा मी इथून आमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून नेलेलं सिरप होतं म्हणून निभावलं. ते नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, चिठ्ठीसकट. रात्री किंवा रविवारी गरज पडली तर आळीपाळीने एखादं आपोथेके उघडं असतं, रात्रीचे २.५० युरो जास्त घेतात. तातडीचं नाही पण डॉक्टर हवाय अशा वेळी ११६११७ हा फोन नंबर, आणि खरीच इमर्जन्सी असेल तर ११२. हे दोन्ही नंबर ताईने फ्रिजवर लिहून लावले होते.

घरून काय न्यायचं नाही तेही सांगते, कारण आईने दोन किलो तूप आणि पेढे बांधून दिले होते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तूप, पेढे, पनीर, सगळं त्यात आलं. बाळाची सीलबंद दुधाची पावडर आणि बाळाचं जेवण चालतं, २ किलोपर्यंत, फ्रिज न लागणारं. आंबेसुद्धा सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत, नारळ चालतो. मे महिन्यात ताईला हापूस नाही नेता आला याचं मला अजून वाईट वाटतं. तूप आईला परत ठेवायला सांगितलं, ताई तिकडे बिनमिठाचं लोणी आणून घरीच कढवते, रवाळ होतं अगदी.

व्हिसाचं थोडक्यात, बाळाचा अर्ज आणि पासपोर्ट वेगळा, सहा वर्षांखाली फी नाही, बोटांचे ठसे नाहीत. आई किंवा बाबा एकटेच नेणार असाल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं, त्याची एक मूळ प्रत मी पूर्ण प्रवासात जवळ ठेवली होती.

डीएम सगळ्या युरोपात नाही, पण ऑस्ट्रिया, हंगेरी, चेक, क्रोएशिया, इटली, पोलंड इकडे आहे, त्यामुळे व्हिएन्ना किंवा प्रागला कुणी नातेवाईक असतील तरी उपयोग होईल. ताजी भाजी, ताजं दूध यासाठी सुपरमार्केटलाच जावं लागतं, आणि पाकिटावरचं सगळं जर्मनमध्ये, फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करत बसावं लागतं. त्यासाठी अर्धा मार्क कापते. पाचपैकी साडेचार.

परत निघायच्या आदल्या दिवशी ओमाच मला घेऊन गेल्या. ४ नंबरचं एक पाकीट घेतलं, त्यातले सोळा मोजून माझ्या पाठीवरच्या बॅगेत भरले, उरलेले ताईच्या कपाटात ठेवून दिले. दिवाळीनंतर परत या म्हणाल्या, मी म्हटलं तोपर्यंत ५ नंबर लागेल. ताईने सांगितल्यावर त्यांनी पाकिटावर पेन्सिलने लिहून ठेवलं, पुढच्या वेळी ५.